युद्धातला वैमानिक आणि त्याचे घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबा, वडील किंवा सासरे १९६५ वा १९७१ च्या युद्धात भारतीय हवाई दलात वैमानिक होते, अशा घरांतून येणाऱ्या प्रश्नांना दिलेली ही उत्तरे आहेत. विद्यार्थी आणि हौशी अभ्यासकही विचारतात; पण सर्वाधिक प्रश्न नातवंडांचे असतात आणि ते विमानांपेक्षा घराबद्दल अधिक असतात. एखादी बाब दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर ती पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. येथे 'युद्ध' म्हणजे नेमकी कोणती युद्धे धरली आहेत?

मुख्यतः सप्टेंबर १९६५ आणि डिसेंबर १९७१ ही दोन. १९६२ मध्ये भारताने लढाऊ विमाने हल्ल्यासाठी वापरली नाहीत. त्या युद्धात मालवाहू विमानांच्या आणि हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी मात्र दुर्गम चौक्यांना रसद पोहोचवण्याचे अत्यंत धोक्याचे काम केले. म्हणून 'आमचे आजोबा बासष्टला उडत होते' हे कुटुंबाचे म्हणणे आणि 'बासष्टला हवाई दल लढले नाही' हे पुस्तकातले वाक्य, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. १९७१ मध्ये 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून उडणारे नौदलाचे वैमानिक आणि तोफखान्यासाठी निरीक्षण करणारे भूदलाचे वैमानिकही होते. त्यांच्या नोंदी हवाई दलाकडे शोधून सापडत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

२. हे वैमानिक तेव्हा किती वयाचे होते? बहुतेकांची लग्ने झालेली होती का?

फ्लाइंग ऑफिसर हा साधारण विशीच्या पूर्वार्धातला, फ्लाईट लेफ्टनंट पंचविशीच्या आसपासचा, स्क्वॉड्रन लीडर तिशीतला, आणि अख्ख्या स्क्वॉड्रनचा (विमाने आणि वैमानिक यांच्या पथकाचा) प्रमुख असलेला विंग कमांडर बहुधा चाळिशीच्या अलीकडचाच असे. त्यामुळे एकाच स्क्वॉड्रनमध्ये मेसमध्ये राहणारे अविवाहित तरुण, नुकतेच लग्न झालेले आणि शाळकरी मुलांचे बाप असे तिन्ही प्रकारचे लोक शेजारी शेजारी उडत असत. परमवीर चक्र मिळालेले हवाई दलाचे आजवरचे एकमेव अधिकारी, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों, १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवरच्या लढाईत मारले गेले तेव्हा विशीत होते आणि त्यांच्या लग्नाला काही महिनेच झाले होते. त्यांचे वडीलही हवाई दलातलेच.

येथे एक खुलासा करावा लागतो, कारण पदाच्या नावावरून नेहमी घोटाळा होतो. 'फ्लाइंग ऑफिसर' म्हणजे कोणताही उडणारा अधिकारी नव्हे. ते एक ठरावीक कनिष्ठ पद आहे आणि ते जमिनीवर काम करणाऱ्या अधिकाऱ्यालाही असते.

३. युद्धाच्या काळात त्यांचा दिवस कसा जात असे?

चित्रपटांत दिसते त्याच्या मानाने उड्डाण फार थोडे आणि वाट पाहणे फार जास्त. हल्ल्याची एखादी मोहीम तासाभराची किंवा त्याहूनही कमी वेळाची असे. तिच्या आधी नकाशे, लक्ष्याची माहिती, इंधनाचा हिशेब आणि हवामान यांवर बराच वेळ जाई. परतल्यावर गुप्तवार्ता अधिकाऱ्याला पाहिलेले सर्व सांगावे लागे. तळाच्या रक्षणासाठी नेमलेल्या वैमानिकांचे काम वेगळे होते. ते धावपट्टीच्या टोकाशी सज्ज विमानांजवळ, काही वेळा कॉकपिटमध्ये पट्टे आवळूनच, बसून राहत आणि इशारा मिळताच काही मिनिटांत हवेत जात. बोलावणे आलेच नाही तर पाळी संपेपर्यंत तसेच बसायचे. पहाट होण्याआधी उठणे, क्रू रूममधला (वैमानिकांच्या बसण्याच्या खोलीतला) चहा, पत्त्यांचा डाव, वर्तमानपत्राचे तेच पान दोनदा वाचणे, असा तो दिवस असे. ज्या घरांतून 'आजोबा युद्धाविषयी काहीच रंगवून सांगत नसत' अशी तक्रार येते, त्यांना सांगावेसे वाटते की सांगण्याजोग्या गोष्टी मिनिटांत घडत आणि उरलेले तास सांगण्याजोगे नसत.

४. वैमानिक रात्री घरी जात असे का?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, आणि हवाई दलातील युद्ध भूदलापेक्षा वेगळे का होते ते याच प्रश्नात आहे. पायदळातला अधिकारी सीमेवर गेला की तो गेलाच. घर मागे राहिले. वैमानिकाचा तळ मात्र अनेकदा त्याच्या घरापासून सायकलच्या अंतरावर असे. शांततेच्या काळात अंबाला, पठाणकोट, आदमपूर, हलवारा, कलाईकुंडा किंवा पुण्याजवळचे लोहगाव येथील वसाहतींत कुटुंबे राहत, मुले तेथील शाळांत जात आणि धावपट्टीवरचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येई.

युद्ध सुरू झाल्यावर तीन शक्यता होत्या. स्क्वॉड्रन आपल्याच तळावरून लढत असेल, तर वैमानिक तळावरच मुक्कामाला राही. क्वचित तासाभरासाठी घरी येऊन जाई, पण त्याची खात्री कोणी देत नसे. स्क्वॉड्रनची तुकडी पुढच्या तळावर हलवली असेल, तर घर जुन्या ठिकाणी आणि माणूस दुसरीकडे, अशी स्थिती होई. प्रश्न २ मध्ये उल्लेखिलेले सेखों ज्या १८ व्या स्क्वॉड्रनचे होते तिची तुकडी अंबाल्याहून श्रीनगरला गेली होती. तिसरी शक्यता अशी की सीमेजवळच्या तळावरून कुटुंबांनाच गावी पाठवून दिले जाई. मग सासर-माहेरच्या घरी आकाशवाणीच्या बातम्यांशिवाय दुसरा आधार नसे.

वसाहतीत राहिलेल्या बायकांना विमाने मोजण्याची सवय लागे, असे अनेक घरांतून ऐकू येते. चार गेली, किती आली? आपल्या नवऱ्याचे विमान कोणते हे खालून कळत नसे. संख्या मात्र कळे. याहून कठीण मोजणी कोणाच्या वाट्याला आली असेल असे मला वाटत नाही.

५. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी वसाहतींत नेमके काय झाले?

संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अवंतीपूर या तळांवर हल्ले केले आणि रात्री अंबाला, आग्रा अशा आतल्या तळांपर्यंत बॉम्बर आले. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे दिवे विझवले तरी जमीन चांदण्यात स्पष्ट दिसत होती. ताजमहालाचा पांढरा संगमरवर चमकू नये म्हणून तो त्या काळात झाकला होता, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच शहरातल्या हवाई दलाच्या घरांच्या काचांना काळा कागद चिकटवला होता आणि अंगणात खंदक खणले होते, हे तितके ठाऊक नसते. भोंगा वाजला की आई मुलांना घेऊन खंदकात उतरे. बाप त्याच वेळी विमानाकडे धावत असे.

६. घरच्यांना तो किती सांगू शकत असे? पत्रे तपासली जात का?

स्क्वॉड्रन कोठे आहे, उद्या काय आहे, काल कोण परतले नाही, यांपैकी काहीही सांगण्याची मुभा नव्हती. पत्रावर गावाचे नाव न लिहिता लष्करी टपालाचा क्रमांक घालावा लागे, जसे '५६ एपीओ'. म्हणून जुन्या पाकिटांवरून ठिकाण शोधू पाहणाऱ्यांची निराशा होते. मजकुरावर सेन्सॉरचे नियंत्रण असे. परिणामी ही पत्रे आज वाचताना कोरडी वाटतात: तब्येत बरी आहे, थंडी पडली आहे, विम्याचा हप्ता भरावा, धाकट्याचा दाखला घ्यावा. ज्यांच्याकडे अशी पत्रे आहेत त्यांनी ती कंटाळवाणी म्हणून टाकू नयेत. विम्याच्या हप्त्याची आठवण युद्धाच्या कोणत्या तारखेला झाली, हे पाहण्यासारखे असते.

७. विमान परतले नाही तर घरी कसे कळवत?

तळावरच कुटुंब असेल, तर स्क्वॉड्रनचा प्रमुख किंवा त्याच्या जागी कोणी वरिष्ठ अधिकारी, बहुधा आपल्या पत्नीला सोबत घेऊन, स्वतः त्या घरी जाई. इतरत्र तार जाई. तारेतला शब्द कोणता आहे यावर पुढचे सर्व अवलंबून असे. 'मृत' म्हणजे मृत्यूचा पुरावा मिळाला आहे. 'बेपत्ता' म्हणजे विमान परतले नाही आणि वैमानिकाचे काय झाले हे ठाऊक नाही. 'बेपत्ता, मृत्यू झाल्याचे मानले जाते' ही या दोहोंमधली पायरी. सोबतच्या वैमानिकाने पॅराशूट उघडलेले पाहिले की नाही, या एका निरीक्षणावर शब्द बदलत असे. आणि जमिनीलगत वेगाने उडत असताना, खालून तोफा चालू असताना, ते निरीक्षण किती अपुरे असणार याची कल्पना करता येईल.

८. एकदा 'बेपत्ता' ठरलेल्या वैमानिकाचे सत्य पुढे कधी समजले आहे का?

होय. सर्वांत ठळक उदाहरण स्क्वॉड्रन लीडर अ. बो. देवय्या यांचे आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी पहिल्या स्क्वॉड्रनच्या मिस्टेअर विमानांनी पाकिस्तानातील सरगोधा तळावर हल्ला केला आणि देवय्या परतले नाहीत. त्यांच्या सोबत्यांपैकी कोणीही त्यांचा शेवट पाहिलेला नव्हता, त्यामुळे भारतीय नोंदीत ते नुसते बेपत्ता राहिले. त्यांनी आपल्याहून कितीतरी वेगवान असलेल्या एफ-१०४ स्टारफायटर या पाकिस्तानी लढाऊ विमानाशी झुंज देऊन ते पाडले होते, ही गोष्ट अनेक वर्षांनी पाकिस्तानी बाजूच्या माहितीवरून लिहिलेल्या परदेशी लेखनातून उजेडात आली. १९८८ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनंतर, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले आणि ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले. त्या तेवीस वर्षांत घरच्यांकडे अभिमानाला आधार देणारा एकही कागद नव्हता. आपल्या वैमानिकांच्या नोंदी किती अंशी प्रतिपक्षाच्या हाती असतात, हे यावरून दिसते.

९. वैमानिक युद्धकैदी झाला तर कुटुंबाला कोणते हक्क होते?

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार कैद्याला केवळ नाव, पद, जन्मतारीख आणि सेवाक्रमांक सांगणे बंधनकारक असते (कलम १७). पकडल्यानंतर लवकरच त्याला घरी कळवणारे कार्ड पाठवू दिले पाहिजे, आणि संख्येवर मर्यादा घालायचीच असेल तर महिन्याला किमान दोन पत्रे व चार कार्डे लिहू दिली पाहिजेत (कलम ७१). पत्रव्यवहार आणि पार्सले रेडक्रॉसच्या मार्फत जात. प्रत्यक्षात पहिले पत्र येईपर्यंतचा काळ सर्वांत वाईट, कारण ते येईपर्यंत कैदी आणि बेपत्ता यांत घरच्यांच्या दृष्टीने काहीच फरक नसतो.

लढाई संपल्यावर विनाविलंब सुटका करावी असे कलम ११८ सांगते. तरीही डिसेंबर १९७१ मध्ये पकडलेले भारतीय वैमानिक १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून परतले, म्हणजे युद्ध तेरा दिवसांचे आणि कैद जवळजवळ वर्षभराची.

१०. पळून जाण्याचा प्रयत्न करणे गुन्हा होता का?

नाही. पळण्याचा प्रयत्न फसला तर केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते (कलम ९२). फाशी किंवा दीर्घ कारावास देता येत नाही.

या प्रश्नामागे बहुधा एकच घटना असते. फ्लाईट लेफ्टनंट दिलीप परुळकर हे सुखोई-७ या लढाऊ विमानाचे वैमानिक १० डिसेंबर १९७१ रोजी पाडले गेले आणि रावळपिंडीच्या छावणीत ठेवले गेले. ऑगस्ट १९७२ मध्ये, पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, ते एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांसह कोठडीच्या भिंतीला भोक पाडून निसटले. कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून त्यांनी पैसे साठवले होते. बसने पेशावर गाठून ते खैबर खिंडीच्या दिशेने अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ पोहोचले. नकाशावर त्यांना 'लंडीखाना' हे रेल्वे स्थानक दिसत होते आणि त्यांनी त्याची चौकशी केली. ते स्थानक १९३२ मध्येच बंद पडलेले होते. चार दशकांपूर्वी बंद झालेल्या स्थानकाची चौकशी कोणता स्थानिक माणूस करील? तेथेच संशय आला आणि तिघे पकडले गेले.

या कथेतला थरार सर्वजण सांगतात. तिन्ही घरांत त्या आठवड्यात काय वाटले असेल, हे कोणी विचारत नाही. त्यांना तर घटना घडून गेल्यावरच कळणे शक्य होते.

११. मोठ्या घरातल्या वैमानिकाला वेगळी वागणूक मिळत असे का?

मिळू शकली असती, असे एक उदाहरण सर्वज्ञात आहे. फ्लाईट लेफ्टनंट नंदा करिअप्पा हे २० व्या स्क्वॉड्रनचे, हंटर हे लढाऊ विमान उडवणारे वैमानिक शस्त्रसंधीच्या आदल्या दिवशी, २२ सप्टेंबर १९६५ रोजी, पाडले जाऊन पकडले गेले. त्यांचे वडील निवृत्त जनरल के. एम. करिअप्पा हे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती. पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान फाळणीपूर्वीच्या सैन्यातील ओळखीचे. अयुब खान यांच्याकडून मुलाच्या सुटकेची तयारी कळवण्यात आली तेव्हा करिअप्पांनी ती नाकारली आणि सर्व कैद्यांना सारखेच वागवावे, कारण ते सर्वच माझे मुलगे आहेत, अशा आशयाचे उत्तर पाठवले. नंदा करिअप्पा इतरांबरोबरच परतले.

१२. एकाच घरातले दोघे एकाच युद्धात उडत असत का?

असत. लखनौचे कीलर बंधू हे याचे प्रसिद्ध उदाहरण: ट्रेव्हर यांना ३ सप्टेंबर १९६५ च्या आणि डेन्झिल यांना १९ सप्टेंबरच्या हवाई लढाईसाठी वीर चक्र मिळाले, आणि दोघेही नॅट विमान उडवत होते.

१३. जे कधीच परतले नाहीत आणि ज्यांचा मृत्यूही सिद्ध झाला नाही, त्यांच्या कुटुंबांचे काय?

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांतील ५४ बेपत्ता सैनिकांच्या यादीची चर्चा आजही होते आणि तिच्यात हवाई दलाचे अनेक अधिकारी आहेत. फ्लाईट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे त्यांपैकी एक. ५ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ परतले नाही. पकडलेल्या वैमानिकांच्या नावांत 'टॉम्बे' असे नाव पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले होते, आणि त्यावर घरच्यांची आशा टिकली. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय पातळीवरच्या बॅडमिंटन विजेत्या. लग्नाला तेव्हा साधारण दीड वर्ष झाले होते. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांचे एक शिष्टमंडळ पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. हाती काही लागले नाही. असे कैदी आपल्याकडे नाहीत, ही पाकिस्तानची भूमिका राहिली आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले, तर सात वर्षे ज्याच्याविषयी त्याच्या नेहमीच्या माणसांना काही कळले नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. जुन्या पुरावा कायद्याचे कलम १०८, आणि आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १११. लक्षात घ्यावे की हे गृहीतक 'मृत्यू झाला' एवढेच आहे, 'अमुक दिवशी झाला' असे नाही. वारसा किंवा विम्याच्या वादात हा फरक महत्त्वाचा ठरतो. पण कित्येक पत्नींचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. मृत्यूची नोंद मान्य केली तर निवृत्तिवेतनाचा मार्ग सुकर होतो, आणि तीच सही आपण त्याची वाट पाहणे सोडल्याची खूण वाटते.

१४. युद्धात मृत्यू आणि सरावात मृत्यू, यांत कुटुंबासाठी फरक पडतो का?

पडतो. शत्रूच्या कारवाईत किंवा युद्धातील मोहिमेत मृत्यू झाल्यास उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन लागू होते आणि ते अखेरच्या वेतनाइतके असते. सेवेतील अपघाती मृत्यूसाठीचे विशेष कुटुंब निवृत्तिवेतन त्याहून कमी असते. म्हणून मृत्यूचे वर्गीकरण करणारा कागद जपून ठेवावा आणि वर्गीकरणावर शंका असल्यास प्रथम त्या कागदाची प्रत मागवावी.

१५. आजोबा 'पायलट' होते असे घरात म्हणतात, पण नोंदीत 'नेव्हिगेटर' लिहिले आहे. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. घरच्या बोलण्यात पंखांचा बिल्ला लावणारा प्रत्येक जण पायलटच असे. कॅनबेरा बॉम्बरमध्ये वैमानिकाच्या जोडीला नेव्हिगेटर, म्हणजे मार्ग ठरवून देणारा अधिकारी, असे, आणि त्याचा पराक्रम कमी मानण्याचे काहीच कारण नाही. उलट हल्ल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बी(आय)-५८ या प्रकारात वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन होते, तर नेव्हिगेटरला दारातून स्वतः उडी मारावी लागे. कमी उंचीवर विमान पेटले तर याचा अर्थ काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

१६. युद्धानंतर घरात त्यांचे वागणे बदलले, असे आजी सांगते. याला काही कारण असू शकते का?

एका व्यक्तीविषयी दुरून निदान करणे योग्य नाही. काही सर्वसाधारण कारणे मात्र सांगता येतात. विमानातून आसनासह बाहेर फेकले गेलेल्या वैमानिकाच्या मणक्यांना दुखापत होण्याचा धोका मोठा असतो आणि ती पाठदुखी जन्मभर पुरू शकते. जेट इंजिनांच्या आवाजाने ऐकू येणे कमी होते. 'बाबा लक्ष देत नसत' याचा अर्थ काही घरांत 'बाबांना ऐकू येत नसे' एवढाच असू शकतो. वैद्यकीय श्रेणी घसरल्यावर लढाऊ विमानातून बाजूला होणे हेही अनेकांनी मुकाट्याने सोसले. मनावरच्या आघातासाठी मदत मागण्याची पद्धत त्या पिढीत नव्हती, आणि क्रू रूममधल्या रिकाम्या खुर्चीविषयी घरी बोलण्याची तर नव्हतीच. प्रश्न ६ मधली बंदी कागदावर युद्धापुरती होती. सवय म्हणून ती पुढे कित्येक वर्षे चालली.

१७. माहिती कोठून मिळवावी?

सुरुवात घरातल्या कपाटापासून करावी. प्रत्येक वैमानिकाची उड्डाणवही, म्हणजे लॉगबुक, ही त्याच्या आयुष्याची सर्वांत विश्वसनीय नोंद असते: तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, कामाचे स्वरूप, वेळ, आणि महिन्याच्या शेवटी वरिष्ठांची सही. शौर्यपदक मिळाले असेल तर त्याची अधिसूचना भारताच्या राजपत्रात असते. दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या त्यागचक्रात युद्धातील मृतांची नावे कोरलेली आहेत. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तयार केलेले १९६५ व १९७१ च्या युद्धांचे इतिहासही आता अभ्यासकांना पाहता येतात. मात्र त्यांत स्क्वॉड्रनची माहिती अधिक आणि माणसांची कमी आहे.

१८. घरातले वैमानिक हयात आहेत. त्यांना काय विचारावे?

'भीती वाटली का' हा प्रश्न शेवटी ठेवावा. लॉगबुक समोर उघडून एकेका ओळीविषयी विचारावे: त्या दिवशी बरोबर कोण होते, धावपट्टी कशी होती, परतल्यावर काय खाल्ले. तारखांच्या आधाराने आठवण मोकळी होते. नंतर आजींशी वेगळे बसून, ते खोलीत नसताना, त्याच तारखांविषयी बोलावे. लॉगबुकातल्या त्या दिवसाच्या ओळीत तळावर उतरल्याची वेळ सापडेल. ती वेळ घरी कधी कळली, हे आजींनाच विचारावे लागेल.